मधला हात

आमच्या घरात लिंबू येतं ते पोह्यांवर पिळायला. दाराला टांगून एकही लिंबू आजवर वाया घालवलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला अंगाऱ्या-धुपाऱ्याची बाई समजू नये. इथले बरेच अनुभव मी वाचते. कुणाला घाटात पांढऱ्या साडीतली बाई दिसते, कुणाला होस्टेलच्या जिन्यात पैंजण ऐकू येतात... मला आपला प्रश्न पडतो की घाटातल्या धुळीत ती साडी इतकी पांढरी राहते कशी, धुतं कोण. तर असा माझा स्वभाव. संशयी. भाजीवाल्याच्या काट्यापासून डॉक्टरच्या गोळीपर्यंत मी कशावरच पटकन विश्वास ठेवत नाही, मग भुताखेतांवर कुठून ठेवणार?

पण एक गोष्ट आहे. ती मी घरच्यांखेरीज कुणाला सांगितली नाही, आणि घरच्यांनी ती कधी पूर्ण ऐकून घेतली नाही. नातीने फोनवर मराठी अक्षरं घालून दिली आणि म्हणाली, "आजी, मला सांगण्यापेक्षा इथे लिही, इथल्या लोकांना वेळ असतो." म्हणून लिहितेय. माझं शिक्षण सातवीपर्यंत, पुढचं सगळं वाचनालयातून. बोलते तशीच लिहिते, तेवढं पोटात घाला.

आमच्या ह्यांची गुळाची अडत होती. म्हणजे शेतकऱ्याचा माल उतरवून घ्यायचा आणि व्यापाऱ्याला विकून द्यायचा. आधी पेठेत बसायचे, मग मार्केट यार्डात गाळा मिळाला. जुन्या काळी तिथे भाव तोंडाने बोलत नसत. अडत्या आणि घेणारा समोरासमोर बसायचे, हातात हात द्यायचे आणि वर रुमाल टाकायचे. मग रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायची. एक बोट धरलं की एक भाव, दोन धरली की दुसरा, नुसतं पेर दाबलं की तिसरंच काही. बघणाऱ्याला कळायचं काही नाही. चेहरे कोरे, रुमालसुद्धा हलायचा नाही. ह्याला हत्ता म्हणत. पुढे ते बंद झालं, उघड लिलाव आले, आणि बरंच झालं. ज्याचा माल तो शेतकरी बिचारा बाजूला उभा राहून रुमालाकडे बघत बसायचा.

रुमाल म्हणजे खिशातला नव्हे हं. चांगला जाड, पंच्यासारखा, मूळचा पांढरा, पण गुळाने आणि हातांच्या घामाने तांबूस झालेला. आमचा मंदार कॉम्प्युटर शिकला आणि हिंजवडीला लागला, तेव्हा गाळा पुढे चालवणारं कुणी उरलं नाही. ह्यांनी गाळा दिला, काटा दिला, गादी-तक्के दिले. रुमाल तेवढा घरी आणला.

मी म्हटलं, "हा कशाला? फरशी पुसायलाही चालायचा नाही."

"असू दे गं. हाताला सवय आहे."

हत्त्यातलं मला एकच कळायचं. लग्नकार्यात कुणी भाषणाला उभं राहिलं की हे माझ्या शालीखाली हात घालायचे आणि माझी चारही बोटं मुठीत घट्ट आवळायचे. म्हणजे "बास, उठा, निघू या." बाकी भाव-बिव त्यांनी मला शिकवले नाहीत. धंद्याचं घरात आणायचं नाही असं त्यांचं म्हणणं.

मंदारला नोकरी लागून थोडी वर्षं झाली होती. तेव्हा हिंजवडीला जाणं म्हणजे परगावी जाणं वाटायचं. पहाटे स्वारगेटला कंपनीची बस यायची, हा अर्धवट झोपेत त्यात चढायचा. त्या वर्षी थंडी संपता संपता ह्यांना खोकला धरला. यार्डात आयुष्यभर गुळाची धूळ खाल्लेली, खोकला नवा नव्हता. म्हणून आम्ही काढा, वाफारा करत राहिलो. मग एका सकाळी ह्यांना मंदारचं नाव आठवेना. हॉस्पिटलात नेलं तर म्हणाले, न्यूमोनिया रक्तात उतरलाय. त्याच दिवशी आयसीयू, नाकातोंडात नळ्या, श्वासाला मशीन. मशीनशी झगडू नयेत म्हणून झोपेचं औषध सतत चालू. बोट हलवण्याइतकीही शुद्ध ठेवलेली नव्हती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

संध्याकाळी भेटायची वेळ असायची. मी आधीच जाऊन बाहेरच्या बाकावर बसायची. आत गेलं की काय बघायचं? नळ्यांकडे बघवत नाही, चेहरा सुजलेला. म्हणून मी मॉनिटरकडे बघायची. त्यावर बऱ्याच रेघा पळायच्या, त्यातली एक लाट फार देखणी होती. मोठी टेकडी आणि तिच्या उतारावर एक छोटा उंचवटा, परत मोठी टेकडी, परत उंचवटा. तिथे वैशाली नावाची सिस्टर होती, यवतमाळकडची. तिला विचारलं, ही काय गं?

तिने ह्यांच्या बोटाला लावलेला चिमटा दाखवला. आत लाल दिवा. "हा उजेड बोटातून आरपार जाते ना काकू. ठोक्याबरोबर बोटात रक्त आलं की उजेड कमी पोचते, रक्त सरकलं की जास्त. त्याचीच ही लाट. सुई नाही, काही नाही. रक्त बोटापर्यंत पोचून राहिलं का, हे बसल्या जागी समजते."

मला लहानपणचं आठवलं. दिवे गेले की आम्ही बॅटरीवर पंजा धरायचो आणि बोटं लालभडक दिसायची. तेवढ्यावरून ह्या हॉस्पिटलवाल्यांना एवढं समजतं? मला संशय आला. म्हटलं, ही लाट तयार भरून ठेवलेली असेल, सगळ्यांना हीच दाखवत असतील. नातेवाईक खूश.

मी तसं बोलूनही दाखवलं. वैशाली रागावली नाही. "या इकडे," म्हणाली, आणि ह्यांच्या बोटाचा चिमटा काढून सरळ माझ्या उजव्या तर्जनीला लावला. लाट क्षणभर सपाट झाली आणि मग माझी उमटली. ठेंगणी, जवळजवळ, घाईघाईची.

"पाहा. ही तुमची. पटलं आता?"

"पटलं," मी म्हटलं. "पण मी इतकी घाईत असते हे मला माहीत नव्हतं."

त्या दिवसापासून ती लाट म्हणजेच आमचे हे, असं माझं झालं. चेहऱ्याऐवजी मी तिलाच विचारायची, कसं वाटतंय. डॉक्टरही रोज तेच सांगायचे, की रक्तदाब औषधांवर टिकलाय, हातापायांना रक्त पोचतंय तोवर आशा आहे. म्हणजे लाट आहे तोवर हे आहेत. सरळ हिशेब.

ह्यांचा पलंग पश्चिमेच्या खिडकीपाशी होता. उन्हं उतरली की तिरीप थेट हातावर पडायची आणि लाट वेडीवाकडी व्हायची. वैशाली म्हणाली, बाहेरचा उजेड चिमट्यात शिरला की गडबड होते, हातावर काहीतरी जाडसर झाका. त्यांची चादर पातळ होती, शिवाय सरकायची. मी म्हटलं, उद्या घरून आणते.

घरी जाऊन कपाट उघडलं, आणि समोर तो रुमाल. जाड, आकाराने बरोबर, ह्यांच्या हाताच्या ओळखीचा. मनात आलं, शुद्ध नसली तरी अंगाला वास कळेल, बरं वाटेल. उकळत्या पाण्यातून काढला, वाळवला, इस्त्री केली, पिशवीत घातला. गुळाचा वास तेवढ्यानेही गेला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या हाताने तो ह्यांच्या हातावर टाकला. ऊन अडलं. लाट सुरेख उमटली. वैशाली म्हणाली, "मस्त आहे हा."

थोड्या वेळाने लाट सपाट झाली.

पॅं-पॅं सुरू झालं. वैशाली धावत आली, रुमाल उचलला, चिमटा नीट बसवला, लाट परत आली. रुमाल टाकला. परत काही वेळाने सपाट. दुसरी रेघ, हृदयाची, व्यवस्थित चालू. फक्त बोटातली लाट गायब.

"काकू, तुम्ही बोट दाबून राहिल्या का?"

"मी कशाला दाबू?"

"मायेनं दाबतात लोक. दाबलं की रक्त थांबते बोटातलं, लाट जाते."

मी दोन्ही हात वर करून दाखवले, पोलिसाला दाखवतात तसे. लाट गेली ती गेलीच. मग आपोआप आली.

आता माझा संशय सुरू झाला. आधी वैशालीवर, की चिमटा ढिला लावते. मग यंत्रावर. मंदार आला तर तो डॉक्टरांशी पॅसेजमध्ये इंग्रजीतून कुजबुजत होता, म्हणून मग त्याच्यावरही, की हे दोघं माझ्यापासून काही लपवतायत. मी सरळ विचारलं.

"आई, प्लीज. सेन्सरचा इश्यू आहे. मी तेच विचारत होतो."

"मग मराठीत विचार. सेन्सरला कळेल."

डॉक्टरांनी कारण काढलं. त्याच दंडाला रक्तदाबाचा पट्टा होता, तो फुगला की हातातलं रक्त अडतं. पट्टा दुसऱ्या दंडाला बांधला. तरी तेच. चिमटा बदलला. तरी तेच. तर्जनीवरून मधल्या बोटाला लावला, तर काही वेळ ठीक आणि मग तिथली लाट जायची. मला वाटतं डॉक्टरही थोडे इरेला पडले. त्यांनी दुसऱ्या पलंगाकडचं एक सुटं यंत्र मागवलं आणि एकाच हाताच्या दोन बोटांना दोन चिमटे लावले. "आता बघू. हातातला रक्तप्रवाह कमी होत असेल तर दोन्ही लाटा एकदम जातील. चिमट्याचा दोष असेल तर एकच जाईल, आणि तीच तीच जाईल."

वर रुमाल टाकला. आम्ही चौघं उभे. ह्यांचा हात रुमालाखाली दगडासारखा स्थिर.

तर्जनीची लाट गेली. मधल्या बोटाची चालू.

मग तर्जनीची आली आणि मधल्याची गेली.

मग दोन्ही एकदम गेल्या. थांबल्या... दोन्ही आल्या. मग परत एकट्या तर्जनीची गेली, पण पूर्ण नाही, अर्धीच, कुणी नुसतं पेर दाबावं तशी.

डॉक्टर म्हणाले, "इंटरेस्टिंग." वैशालीने रुमालाच्या कडेने वाकून पाहिलं. मंदार वायरी बघत होता. आणि हे मी आधी पाहिलेलं होतं. नवी नवरी असताना पेढीवर डबा घेऊन जायची तेव्हा. एक बोट, दुसरं बोट, दोन्ही, परत एक, पेर. वर रुमाल, चेहरे कोरे.

कुणीतरी ह्यांच्याशी भाव करत होतं.

मी हे मंदारला बाहेर आल्यावर सांगितलं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "आई, तू दुपारी जेवली होतीस का?" त्याचं काय चुकलं म्हणा. मीच दुसऱ्या कुणाकडून हे ऐकलं असतं तर हेच विचारलं असतं.

पण मी परत आत गेले, रुमाल खसकन ओढून पिशवीत घातला आणि घरी घेऊन आले. वैशालीने हॉस्पिटलची जाड चादर दुमडून हातावर टाकली. दुसऱ्या दिवशी लाट नीट, एकदाही सपाट नाही. सगळे खूश. डॉक्टर म्हणाले, त्या कापडाचा काहीतरी प्रॉब्लेम होता. मी मनात म्हटलं, होता खरा.

आणि त्याच्या पुढच्या दिवशी लाट बसायला लागली. सपाट नव्हे. एकेक टेकडी झिजत जावी तशी ठेंगणी होत गेली. उंचवटा दिसेनासा झाला. ह्यांची बोटं गार पडली, नखं निळसर दिसायला लागली. औषधं वाढवली, तरी रक्तदाब उतरत होता. दुपारीच फोन करून मंदारला ऑफिसातून बोलावून घेतलं. डॉक्टर ह्या खेपेला मंदारशीही मराठीत बोलले, त्यावरूनच मी समजले. "आम्ही सगळं करतोय. पण आता औषधांना शरीराची साथ मिळत नाहीये. आजची संध्याकाळ बघू. कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या."

मी बाकावर बसून राहिले. रडू येत नव्हतं. एकच डोक्यात फिरत होतं. पेढीवर कधी कुणी मध्येच रुमाल ओढलेला मी पाहिला नव्हता. पोरंटोरं खेळता खेळता जवळ गेली तरी मोठी माणसं दचकून ओरडायची. चालू सौद्यावरून रुमाल ओढणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर मारल्यासारखं. आणि मी तेच करून बसले होते... समोर कोण होतं ते न बघता.

मंदारला रिक्षाने घरी पाठवलं. रुमाल आण म्हटलं. तो आईचं शेवटचं ऐकावं अशा चेहऱ्याने गेला आणि घेऊन आला.

वैशाली दारातच म्हणाली, "काकू, नका ना. याच्यानं लाट जाते, आपण पाहिलं ना. आता तर आधीच नाही धड."

"मग आणखी काय जाणार आहे?"

तिने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर दुसऱ्या पलंगापाशी होते, त्यांनी नुसती मान हलवली. अशा वेळी नातेवाइकांना कुणी अडवत नाही.

खिडकीतून तेच तिरपं ऊन येत होतं. मी ह्यांचा उजवा हात माझ्या उजव्या तळहातावर घेतला, डाव्या हाताने वर रुमाल टाकला आणि बसले. हात गार, सुजलेला, निर्जीव जड. माझ्या मनात काय होतं ते सांगते. मला भाव येत नव्हते. मला फक्त ते एकच येत होतं, चारही बोटं आवळायचं. बास, उठा, निघू या. जे कुणी असेल त्याला मला एवढंच सांगायचं होतं.

काही वेळ काहीच झालं नाही. मला स्वतःचीच लाज वाटायला लागली.

मग माझी तर्जनी धरली गेली.

ह्यांनी नव्हे. ह्यांचा हात माझ्या तळव्यावर पालथा पडलेला होता, त्याचं वजन मला पूर्ण जाणवत होतं, आणि ही पकड पलीकडून आली. गादीच्या बाजूने, जिथे कुणीच नव्हतं. कोरडी, घट्ट, आणि कसं सांगू, सभ्य पकड. दुखवणारी नाही. नखापासून मुळापर्यंत बोट नीट धरून थांबलेली. जसं कुणी विचारावं आणि उत्तराची वाट बघावी.

मी ओरडले नाही. मला हात ओढताच येईना. मी ह्यांचा हात सोडला, जे हाताला लागलं ते उरलेल्या चार बोटांत घेतलं आणि सगळा जीव एकवटून आवळलं. काय आवळलं ते विचारू नका, मला सांगता येणार नाही. पोकळ नव्हतं एवढंच सांगते.

ती पकड थोडी थांबली. मग माझ्या बोटावरून हळूहळू टोकाकडे सरकत गेली, बोटातून अंगठी काढावी तशी. आणि सुटली.

"काकू," वैशाली मॉनिटरकडे बघत म्हणाली, "काय केलं तुम्ही?"

मी वर पाहिलं. लाट चढत होती. दर ठोक्याला थोडी उंच. काही वेळाने उतारावरचा उंचवटासुद्धा दिसायला लागला.

"काही नाही," मी म्हटलं. "हात धरला."

मंदारचं म्हणणं, त्याच वेळी नवीन औषध चढवलं होतं, ते लागू पडलं. डॉक्टरांचंही तेच. असेलही. औषध चढवलेलं मीही पाहिलं होतं. माझा हात अवघडून मुंग्या आल्या असतील, एकाच जागी किती वेळ धरलेला. मी स्वतःला हे सगळं सांगून पाहिलं आहे.

हे घरी आले. वाळले होते, पण आले. एका संध्याकाळी गॅलरीत चहा पीत बसलो होतो, तेव्हा मी भीत भीत विषय काढला. म्हटलं, तिथलं काही आठवतं का?

"नळीचं आठवत नाही. सौदा आठवतो."

"कुणाशी?"

"हात ओळखीचा नव्हता. पण सराईत होता."

"अहो, तुम्ही विकत काय होता?"

"मी काही विकत नव्हतो. तो घ्यायला आला होता." त्यांनी एक घोट घेतला. "जमत आणलं होतं मी. मग कुणीतरी रुमाल ओढला."

मी मग सगळं सांगितलं, रुमाल परत आणला तिथपासून. मला वाटलं, म्हणतील, वा गं माझी वाघीण. हे माझ्या हाताकडे बघत राहिले.

"तुला कुणी सांगितलं होतं हात घालायला?"

"मग काय बघत बसायचं होतं?"

"सौदा अडला की तिसरा माणूस रुमालात हात घालतो. त्याला मधला हात म्हणतात. त्याने हात घातला की आधीचा मोकळा. पुढचं सगळं मधल्याच्या अंगावर."

"मग? मी तर बास म्हटलं. मोडला ना सौदा?"

"हात तू काढलास की त्याने सोडला?"

"त्याने सोडला."

ह्यांनी कप खाली ठेवला. "मग सौदा उभा आहे. घेणारा आपणहून बोट सोडतो तो परत येण्यासाठी. मोडायचा असेल तर रुमाल झटकतात. त्याच्यासमोर."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. माझी गंमत करतायत का, ते कळेना. ह्यांचा तो बाजारातला कोरा चेहरा, आयुष्यभर कमावलेला. त्यावरून मला लग्नापासून कधी काही कळलं नव्हतं, तेव्हाही कळलं नाही. परत हा विषय काढला की म्हणायचे, "चहा गार होतोय." पुढे चांगली बरीच वर्षं जगले, आणि गेले ते वयाने, घरी, झोपेत. जाताना माझ्या हातात हात होता. त्यात काही वेगळं जाणवलं नाही.

मीही हे सगळं विसरत आणलं होतं. मग कोविड आला. घरोघरी ते बोटाला लावायचं छोटं यंत्र आलं, मंदारनेही आणलं. रोज सकाळी सगळ्यांनी रांगेत बसून बोट पुढे करायचं. सून झाली, नात झाली, माझी पाळी आली. मी उजवी तर्जनी पुढे केली. यंत्रावर नुसत्या रेघा.

नात म्हणाली, "आजी, तुझं बोट ऑफलाइन आहे."

सेल बदलले. दुसरं यंत्र आणलं. बाकी नऊ बोटांना छान आकडे येतात, लाट येते. ह्या एका बोटाला नाही. बोट गार नाही, दुखत नाही, विळीवर कापलं तर रक्त येतं, चांगलं लाल. साथ ओसरल्यावर मंदारने मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बोटातल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी करवली. सगळं उत्तम. त्यांनी स्वतःचं यंत्र लावून पाहिलं, रेघा बघितल्या, परत लावलं, आणि शेवटी म्हणाले, "काकू, दुसऱ्या बोटाला लावत जा." ह्याला म्हणतात पुणेरी इलाज.

त्याच बोटाला वैशालीने चिमटा लावला होता हो. माझी ठेंगणी, घाईघाईची लाट मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

ह्याचा उलगडा मला झालेला नाही. मंदारला विचारलं तर म्हणतो वय. असेल. माझा स्वभावच संशयी, मला औषधाचाही संशय येतो, ह्यांच्या कोऱ्या चेहऱ्याचाही येतो, स्वतःच्या आठवणीचा तर सगळ्यात जास्त. इथे कुणी डॉक्टर किंवा यंत्रातलं कळणारं असेल तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन. साधं कारण निघालं तर मला आनंदच आहे. फक्त "आजी, काळजी करू नका" एवढंच लिहू नका. ते मला घरी मिळतं.

ज्याचा भाव ठरला नाही असा सौदा माझ्या अंगावर आहे की नाही, मला माहीत नाही. पण पुण्याची थंडी कितीही पडो, मी उजवा हात गोधडीच्या आत घेत नाही. सून रात्री येऊन म्हणते, "आई, हात आत घ्या, गारठेल." मी म्हणते, असू दे गं. मला तो उघडा बरा वाटतो. रुमाल उशाशी असतो, घडी न घालता. झटकायला सोपा पडावा म्हणून.